अहवाल कोणासाठी? : संस्थेच्या कामाची देखरेख, मूल्यमापन आणि त्यातून शिकणे

सामाजिक संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेली आहे. विहाराच्या सभागृहात सतरंज्या अंथरलेल्या असतात. त्रिसरण-पंचशील होते, दिवंगत सभासदांना श्रद्धांजली वाहिली जाते, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम केले जाते आणि मग सरचिटणीस वर्षभराच्या कामाचा अहवाल वाचतात. इतक्या विद्यार्थ्यांना वह्या वाटल्या, इतक्या गुणवंतांचा सत्कार केला, इतकी व्याख्याने झाली, आरोग्य शिबिराचा इतक्या लोकांनी लाभ घेतला. टाळ्या पडतात, हिशेबपत्रकास मंजुरी मिळते, चहा होतो आणि सभा संपते. पुढच्या वर्षी आकडे बदलून तोच अहवाल पुन्हा वाचला जातो.

या अहवालात खोटे काही नसते. नोकरी सांभाळून, सकाळ-संध्याकाळ लोकलचा प्रवास करून, रविवारची विश्रांती सोडून कार्यकर्त्यांनी केलेल्या श्रमांची ती नोंद असते आणि तिचा आदर केलाच पाहिजे. परंतु एक प्रश्न तसाच राहून जातो. ज्यांच्यासाठी हे सारे केले, त्यांच्या जीवनात काय फरक पडला? आणि फरक पडला नसेल, तर पुढच्या वर्षी आपण काय वेगळे करणार? या दोन प्रश्नांची उत्तरे शोधण्याच्या पद्धतीलाच देखरेख आणि मूल्यमापन म्हणतात. मोठ्या संस्था त्यासाठी तज्ज्ञ नेमतात, जाडजूड अहवाल छापतात. पण हे काम मुळात एक वही, एक पेन आणि खरे ऐकण्याची तयारी एवढ्यावर होऊ शकते, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

एका अभ्यासिकेची गोष्ट

प्रथम माझीच एक चूक सांगतो. कल्याण पूर्वेतील एका मंडळाच्या अभ्यासिकेची जबाबदारी काही वर्षे माझ्याकडे होती. दरवर्षी जूनमध्ये नावनोंदणी होई. नावे वाढत होती, आणि मी अहवालात मोठ्या अभिमानाने "अभ्यासिकेस वाढता प्रतिसाद" असे लिहीत होतो. एका सभेत बारावीत शिकणारी एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, नोंदणीत मुली पुष्कळ दिसतात, पण दिवाळीनंतर अभ्यासिकेत मी एकटीच असते."

मला ते खरे वाटले नाही. घरी येऊन हजेरीच्या जुन्या वह्या काढल्या आणि महिन्यामागून महिना पाहत गेलो. तिचे म्हणणे शब्दशः खरे होते. दिवाळीच्या सुट्टीनंतर मुलींची नावे एकेक करून गळत होती, आणि एका वर्षी नव्हे, तीनही वर्षी. वही माझ्याच कपाटात होती. ती रोज भरली जात होती, पण वाचली कधीच गेली नव्हती.

मग आम्ही दोघे-तिघे त्या मुलींच्या घरी गेलो. कारणे साधी होती. थंडीत लवकर अंधार पडतो, गल्लीतील दिवा बंद असतो. संध्याकाळी नळाला पाणी येण्याची वेळ आणि अभ्यासिकेची वेळ एकच. पाणी भरायचे कोणी, तर मुलीने. कोणाच्याही आईवडिलांचा शिक्षणाला विरोध नव्हता. आम्ही मुलींसाठी दुपारची वेळ ठेवली आणि मंडळातील दोन ज्येष्ठ महिला तेथे बसू लागल्या. बहुतेक मुली परत आल्या. एक मात्र आली नाही. तिचे शिक्षण तेवढ्यावर थांबले ते थांबलेच. आम्ही ती वही एक वर्ष आधी उघडून पाहिली असती तर, हा विचार अजूनही मनातून जात नाही.

पैशाचा हिशेब आणि कामाचा हिशेब

नोंदणीकृत विश्वस्त संस्थेला १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमानुसार हिशेब ठेवावे लागतात, ते तपासून घ्यावे लागतात आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात सादर करावे लागतात. हे योग्यच आहे, कारण समाजाचा पैसा हा विश्वासाचा पैसा आहे. पण हिशेब तपासनीस एवढेच पाहतो की, वह्यांसाठी खर्च दाखविलेले रुपये खरोखर वह्यांवरच खर्च झाले का. त्या वह्या योग्य मुलाला, योग्य वेळी मिळाल्या का, त्यांचा उपयोग झाला का, हे पाहणे त्याचे काम नाही. पैशाचे ऑडिट कायद्याने होते, कामाचे ऑडिट मात्र आपल्यालाच करावे लागते.

देखरेख म्हणजे काय, मूल्यमापन म्हणजे काय?

हे दोन शब्द बहुधा जोडीने येतात, पण त्यांचा अर्थ वेगळा आहे.

देखरेख म्हणजे काम चालू असताना नियमितपणे ठेवलेली नोंद आणि तिच्यावर ठेवलेली नजर. समजा, शाळा जूनमध्ये सुरू होते, परंतु पाहुण्यांची तारीख मिळत नाही म्हणून वह्यावाटपाचा कार्यक्रम ऑगस्टमध्ये होतो. तोपर्यंत पालकांनी उसनवारी करून वह्या घेतलेल्या असतात. जूनच्या पहिल्याच आठवड्यात कोणी "वाटप कुठवर आले?" असे विचारले असते, तर ही वेळ आली नसती. चालू कामात वेळीच दुरुस्ती करता यावी, यासाठी देखरेख असते.

मूल्यमापन म्हणजे ठरावीक काळानंतर थांबून मागे वळून पाहणे. हे काम करण्यामागील हेतू साधला का? साधला असेल तर कशामुळे? नसेल तर का नाही? हेच काम पुढे चालवावे, बदलावे की बंद करावे? लोकलच्या प्रवाशांना हा भेद चटकन कळेल. गाडी वेळेवर धावते आहे का, हे पाहणे ही देखरेख. ज्यांना कामावर पोहोचायचे होते ते खरोखर पोहोचले का, की गर्दीमुळे निम्मे फलाटावरच राहिले, हे पाहणे म्हणजे मूल्यमापन. गाडी अगदी वेळेवर सुटली आणि माणसे मागेच राहिली, असेही होऊ शकते.

यासाठी तीन गोष्टी वेगवेगळ्या ओळखायला हव्यात. आपण काय केले, ते काम. त्यातून लगेच हाती काय आले, ती निष्पत्ती. आणि लोकांच्या जीवनात काय बदलले, तो परिणाम. अभ्यासिका रोज तीन तास उघडी ठेवली, हे काम झाले. चाळीस मुले नियमित बसली, ही निष्पत्ती झाली. त्यांतील जी मुले आधी नापास होत होती ती पुढच्या वर्गात गेली, शिक्षण सोडणार होती ती टिकली, हा परिणाम झाला. आपले बहुतेक अहवाल पहिल्या पायरीवर थांबतात.

आपल्याच परंपरेतील आरसा

ही पद्धत परदेशी देणगीदारांनी शिकवली, असा काहींचा समज आहे. बौद्ध वाङ्मयाच्या वाचकांना तसे वाटण्याचे कारण नाही. मज्झिम निकायातील अम्बलट्ठिक राहुलोवाद सुत्तात भगवान बुद्ध राहुलाला आरशाचा उपयोग विचारतात. पाहण्यासाठी, असे उत्तर येते. त्यावर त्यांचा उपदेश असा की, कृती करण्यापूर्वी, कृती करीत असताना आणि कृती केल्यानंतर, तिच्यामुळे स्वतःचे वा इतरांचे अहित होते काय, हे तपासून पाहावे. अहित होत असेल तर थांबावे, झाले असेल तर जाणत्यांपुढे ते उघड करून पुढे सावध राहावे. नियोजन, देखरेख आणि मूल्यमापन या तिन्ही गोष्टी यात आल्या आहेत.

वर्षावासाच्या अखेरीस होणारी प्रवारणाही याच अर्थाची आहे. माझ्या वर्तनात काही दोष दिसला असेल, ऐकला असेल किंवा त्याची शंका आली असेल तर सांगावे, अशी विनंती प्रत्येक भिक्खू संघाला करतो. तिचा आरंभ ज्येष्ठ भिक्खूपासून होतो, हे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. स्वतः भगवंतांनीही संघाला तशी विनंती केल्याचे संयुत्त निकायात आले आहे. आपल्या मंडळांत मात्र दोष विचारले जातात ते नव्या कार्यकर्त्याचे. अध्यक्षांना विचारण्याची कोणाची छाती होत नाही.

प्रत्यक्ष पाहून बोलण्याचा धडा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या सार्वजनिक जीवनातही मिळतो. अस्पृश्य व आदिवासी वर्गांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने १९२८ साली नेमलेल्या स्टार्ट समितीचे ते सदस्य होते. १९३० साली या समितीने अहवाल दिला. त्यासाठी समितीच्या सदस्यांनी जिल्ह्याजिल्ह्यांत दौरे केले. मुंबईत बसूनही अर्ज वाचता आले असते. पण माणसांना त्यांच्या ठिकाणी जाऊन विचारल्याशिवाय गाऱ्हाण्याचे खरे स्वरूप कळत नाही.

ठाणे जिल्ह्यातील अनुभव

आपल्याच जिल्ह्यातील एक मोठा प्रयोग सभासदांना ठाऊक असावा. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली २००७ साली महाराष्ट्रात आरोग्य सेवांवर "लोकाधारित देखरेख" सुरू झाली. त्यासाठी प्रथम निवडलेल्या पाच जिल्ह्यांत ठाणे होता. आजचा पालघर जिल्हा तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होता, तो १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला. इतर चार जिल्हे पुणे, अमरावती, नंदुरबार आणि तेव्हाचे उस्मानाबाद. प्रत्येक जिल्ह्यातील तीन तालुके आणि प्रत्येक तालुक्यातील पंधरा गावे, अशा एकूण २२५ गावांत काम सुरू झाले.

पद्धत साधी होती. गावातील समितीने लोकांशी बोलून प्रश्नावली भरायची. परिचारिका गावात येते का? लसीकरण होते का? प्राथमिक आरोग्य केंद्रात औषधे मिळतात का, की बाहेरून आणायला सांगतात? कोणी पैसे मागते का? उत्तरांवरून प्रत्येक सेवेला रंग द्यायचा. चांगल्या सेवेला हिरवा, मध्यम सेवेला पिवळा, वाईट सेवेला लाल. ज्याला वाचता येत नाही त्यालाही आपल्या गावाचे प्रगतिपत्रक कळावे, ही त्यामागील दृष्टी. मग जनसुनवाई होई. तेथे गावकरी, डॉक्टर आणि अधिकारी समोरासमोर बसत आणि लाल रंगाचे काय करायचे, ते ठरवीत. काही महिन्यांनी पुन्हा तीच प्रश्नावली भरली जाई.

पहिल्या फेरीत गावपातळीवरील सेवांना मिळालेल्या शेऱ्यांपैकी सरासरी ४८ टक्के "चांगले" होते. दुसऱ्या फेरीत ते ६१ आणि तिसऱ्या फेरीत ६६ टक्क्यांपर्यंत गेले. सारेच सुटले असे नाही. डॉक्टरांची रिक्त पदे, औषधांचा अपुरा पुरवठा असे प्रश्न गावात वा तालुक्यात सुटणारे नव्हते, त्यांचे मूळ वरच्या पातळीवर होते. पण वेळेवर येणे, नीट बोलणे, पैसे न मागणे हे तेथल्या तेथे सुधारता येण्यासारखे होते.

यातून आपल्याला दोन गोष्टी घेता येतील. एक, सेवा घेणाऱ्यालाच सेवेचा परीक्षक केले. दुसरी, तपासणी एकदा करून सोडून दिली नाही, पुन्हा पुन्हा केली. एकदाच घेतलेला ताप हा आकडा असतो. पुन्हा घेतलेल्या तापावरून औषध लागू पडले की नाही ते कळते.

"बालसखी"चा धडा

दुसरे उदाहरण मुंबईचे आहे आणि ते अभ्यासवर्ग चालविणाऱ्यांच्या विशेष उपयोगाचे आहे. "प्रथम" या संस्थेने महापालिका शाळांत "बालसखी" हा उपक्रम चालविला. वस्तीतीलच शिकलेली एक तरुणी तिसरी-चौथीच्या वर्गात मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज सुमारे दोन तास वेगळे घेऊन बसे आणि त्यांना वाचन व गणित पायापासून शिकवी. संस्थेला काम चांगले चालले आहे असे वाटत होते. तरीही तिने ते तपासू दिले. २००१ ते २००३ या काळात अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई आणि वडोदरा येथे हा अभ्यास केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटणी करून काही शाळांत तिसरीला बालसखी दिली, तर काहींत चौथीला. त्यामुळे बालसखी मिळालेल्या आणि न मिळालेल्या मुलांची तुलना करता आली.

ही तुलना का हवी? मुले वर्षभरात काही ना काही शिकतच असतात. आपल्या वर्गातील मूल पुढे गेले म्हणजे ते आपल्याचमुळे गेले, असे म्हणता येत नाही. तुलनेतून दिसले की बालसखीमुळे गुण खरोखर वाढले, आणि सर्वांत जास्त फायदा सर्वांत मागे असलेल्या मुलांना झाला. आणखीही एक गोष्ट दिसली. ही मुले बाहेर गेल्यामुळे मूळ वर्गातील गर्दी कमी झाली, पण तेथे राहिलेल्या मुलांना त्याचा विशेष लाभ झाला नाही. म्हणजे नुसती संख्या कमी करून भागत नाही. मूल जेथे आहे तेथून शिकवावे लागते. बॅनर्जी आणि डफ्लो यांना पुढे २०१९ साली मायकल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

"प्रथम"नेच २००५ साली ग्रामीण भारतात "असर" नावाचे सर्वेक्षण सुरू केले. असर म्हणजे परिणाम. मुलाच्या घरी जाऊन त्याला अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा सोपा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचायला देतात आणि ते कोणत्या पायरीवर आहे ते नोंदतात. अशी चाचणी आपल्या अभ्यासवर्गातील कोणताही महाविद्यालयीन विद्यार्थी घेऊ शकेल.

आपल्या मंडळाने काय करावे?

ठाणे, कळवा, डोंबिवली, कल्याण येथील छोट्या मंडळाला झेपेल असा क्रम खाली देत आहे.

१. प्रत्येक उपक्रमासाठी एकच मुख्य प्रश्न ठरवावा. शिष्यवृत्ती दिली, तर प्रश्न असा: वर्षाअखेर तो विद्यार्थी शिकतो आहे का? आरोग्य शिबिर घेतले, तर प्रश्न असा: ज्यांना रक्तदाब वा मधुमेह असल्याचे आढळले, ते पुढे दवाखान्यात गेले का?

२. काम सुरू होण्यापूर्वीची स्थिती लिहून ठेवावी. कोठून निघालो हेच ठाऊक नसेल, तर किती चाललो हे कसे कळणार?

३. नोंदी थोड्या ठेवाव्यात. चार-पाच पुरेत. जी नोंद कोणी वाचणार नाही, ती ठेवूच नये.

४. तीन महिन्यांतून एकदा कार्यकारिणीने केवळ नोंदी वाचण्यासाठी बसावे. त्या बैठकीत दुसरा विषय नको. काय ठरले, कोण करणार, केव्हापर्यंत, हे इतिवृत्तात लिहावे आणि पुढील बैठकीचा आरंभ त्याच्या वाचनाने करावा.

५. जे येत नाहीत, त्यांच्याकडे जावे. जे येतात ते बहुधा समाधानी असतात. गळालेल्या विद्यार्थ्याच्या घरी घालवलेल्या अर्ध्या तासात जे कळते, ते शंभर अभिप्राय-पत्रकांतून कळत नाही.

६. वार्षिक अहवालात "काय जमले नाही आणि आम्ही काय शिकलो" असा एक परिच्छेद असावा, आणि तो अध्यक्षांनी स्वतः वाचावा.

दोन धोके

पहिला धोका आकड्याच्या मोहाचा. अभ्यासवर्गाचा निकाल शंभर टक्के लागावा, असे एकदा ठरले की हळूहळू कच्च्या मुलांना प्रवेशच नाकारला जातो. निकाल उजळतो आणि ज्यांच्यासाठी वर्ग काढला तीच मुले दाराबाहेर राहतात. म्हणून आकडा पाहताना, यात कोण मोजले गेले नाही, असेही विचारावे.

दुसरा धोका भीतीचा. चूक सापडली की माणसाला फटकारायचे, अशी रीत असेल तर पुढच्या वेळी वहीत चूक दिसणारच नाही, पण वस्तीत ती तशीच राहील. मूल्यमापन हे कामाचे करावे, कार्यकर्त्याचे वाभाडे काढण्यासाठी नव्हे. तसेच लाभार्थ्यांच्या नोंदी सांभाळून ठेवाव्यात. कोणते मूल नापास झाले, कोणाच्या घरी कोणता आजार आहे, हे सभेत नाव घेऊन वाचण्याचा अधिकार कोणालाही नाही.

विद्यार्थी मित्रांस

या कामी तुमची मदत सर्वांत मोलाची आहे. तुम्हाला मोबाईलवर तक्ता करता येतो, आकडेमोड येते, आणि मुख्य म्हणजे अभ्यासिकेत नेमके काय चालते हे तुम्हीच जाणता. मंडळाच्या सभेत केवळ सत्कार घेण्यासाठी येऊ नका, प्रश्न घेऊन या. त्या बारावीतील मुलीने सभेत उठून एक वाक्य उच्चारले नसते, तर मी आजही "वाढता प्रतिसाद" असेच लिहीत राहिलो असतो.

आणि पदाधिकाऱ्यांना एवढीच विनंती की, असा प्रश्न आला तर तो विरोध समजू नये. ज्याला संस्था आपली वाटते, तोच तिच्या उणिवा सांगतो. ज्याला ती आपली वाटत नाही, तो टाळ्या वाजवून चहा पिऊन घरी जातो. पुढच्या सर्वसाधारण सभेपूर्वी प्रत्येक मंडळाने आपल्या कपाटातील एक तरी जुनी वही काढून महिन्यामागून महिना वाचावी. त्यात कोणाचे नाव गळलेले दिसले, तर अहवाल लिहिण्याआधी त्या घरी जाऊन यावे.